वेबसाइट पारखणं

वेबसाइट पारखणं म्हणजे आपण नेहमी उघडतो ती साइट धड बांधलेली आहे का, आणि तिच्यात आधार नंबर, खाते नंबर, ओटीपी टाकला तर तो भलत्याच्या हाती जाणार नाही ना, हे बघणं. मोठ्या कंपन्यांत यासाठी पगारी लोकं असतात, विदर्भातल्या खेड्यात हे काम कास्तकाराच्याच अंगावर येते, तेही वावरात उभं राहून, उन्हात, नेटवर्कची एखादी काडी असताना.

गावात नेहमी लागणाऱ्या साइटी ठरलेल्या: सातबाऱ्याला महाभूलेख, दाखल्यांना आपले सरकार, ठिबक-ट्रॅक्टरच्या अनुदानाला महाडीबीटी, हप्त्याला पीएम किसान, आणि मग बँक. लोकं साइटला जोखतात ती दिसण्यावरून, म्हणजे फोटो चकाचक, बटणं मोठी, पटकन उघडली म्हणजे साइट चांगली, आणि इथंच फसगत होते, कारण नकली साइट बनवणारा दिसण्यावरच मेहनत घेते, आणि असली सरकारी साइट कधी कधी पार जुनाट दिसते.

म्हणून पयले पत्ता बघायचा, आणि तो मागून वाचायचा. सुरुवातीच्या जोड तिरप्या रेघा सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी जे शेवटी येते तोच खरा मालक. जीओव्ही डॉट इन हे नाव फक्त सरकारी खात्यांनाच भेटते, पण जीओव्ही डॉट इनच्या नंतर अजून एक डॉट आणि भलतंच काही लागलं असलं, किंवा मधात जीओव्ही घुसवून शेवटी डॉट कॉम असलं, तर ती साइट सरकारची नाही. (रेल्वे तिकिटाची आयआरसीटीसी सरकारी कंपनी असूनही सीओ डॉट इनवर आहे, म्हणजे सगळ्याच सरकारी साइटी जीओव्ही डॉट इनवर नसतात.) बँकांसाठी रिझर्व्ह बँकेनं बँक डॉट इन हे वेगळं नाव काढलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडं जायला सांगितलं.

कुलपाच्या चिन्हावर लोकांचा उगाच भरोसा आहे. कुलूप, म्हणजे एचटीटीपीएस, एवढंच सांगते की तुमचा फोन आणि ती साइट यांच्या मधातलं बोलणं तिसऱ्याला वाचता येणार नाही, पलीकडं बसलेलाच चोर असला तर त्याला सगळं स्वच्छ दिसते. हे कुलूप दिसायला साइटला प्रमाणपत्र लागते, आणि २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा ते फुकट देते, चोरालाही भेटते. गैरसमज नको म्हणून क्रोमनं २०२३ मध्ये ते कुलूपच काढून टाकलं.

व्हॉट्सॲपवर "हप्ता अडकला, हे ॲप टाका" म्हणून जी एपीके फाइल फिरते तिला पारखत बसूच नये, ती साइटच नाही, फोनमध्ये घुसून मेसेज वाचते आणि ओटीपी परस्पर पाठवते. पीएम किसानचे वर्षाचे ६००० रुपये २०००च्या तीन हप्त्यांत येतात हे गावात सगळ्यांना पाठ आहे, चोरांनाही.

आता डिझाइन. केंद्र सरकारनं सरकारी साइटी कशा असाव्या याची नियमावली २००९ मध्येच काढली. जागतिक मापदंडात अक्षर आणि मागचा रंग यांच्यात निदान ४.५ ला १ एवढा फरक मागतात, फिक्या राखाडी अक्षरांची साइट दुपारी धुऱ्यावर उघडली की हा आकडा कशासाठी ते कळते. महाभूलेख बरेच वर्षं जिल्ह्याच्या आधी विभाग विचारायची, पण वाशीमच्या माणसाला जिल्हा ठाऊक असते, आपला महसूल विभाग अमरावती हे कशाला लक्षात राहील?

डिझाइन आणि सुरक्षा लोकं वेगवेगळी धरतात, ते चूक आहे. फॉर्म अर्ध्यात लॉगआउट होते, कॅप्चा वाचता येत नाही, पासवर्डात मोठं अक्षर, आकडा, चिन्ह सगळंच पायजे, मग माणूस कंटाळून सेतूवर जाते, पासवर्ड सेतूवाल्याच्या वहीत लिहिला जाते, मोबाइल नंबरही बरेचदा त्याचाच. सेतूवाला भला असला तरी एका वहीत अर्ध्या गावाच्या चाब्या झाल्या! पारखताना म्हणून हेही बघावं की आपल्या घरचं शिकलेलं पोरगं नसताना ही साइट आपल्याला एकट्यानं पार पाडता येते का, आणि खात्याला नंबर आपलाच लागलेला आहे का. सही नसलेला सातबारा फुकट बघता येते, डिजिटल सहीचा १५ रुपयांत निघते, त्यापेक्षा जास्त पैसे कोणती साइट मागत असली तर पत्ता पुन्हा मागून वाचावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावावा, जेवढा उशीर तेवढी रक्कम पुढच्या खात्यात सरकते.