कन्व्हेयन्स (अभिहस्तांतरण): महाराष्ट्रात घर घेताना-विकताना

कन्व्हेयन्स म्हणजे जमिनीची किंवा इमारतीची मालकी एका नावावरून दुसऱ्या नावावर नेणारा नोंदणीकृत दस्त. सरकारी कागदांत याला अभिहस्तांतरण म्हणतात, आणि प्लॉट किंवा बंगला घेताना आपण जे खरेदीखत करतो तेही याच प्रकारातलं. पण महाराष्ट्रात, खास करून मुंबई, ठाणे, पुण्यात, कन्व्हेयन्स झालंय का असं कोणी विचारलं की त्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो, बिल्डिंगखालची जमीन सोसायटीच्या नावावर झाली का? आणि हा प्रश्न फ्लॅट घेताना फार थोडे लोक विचारतात. ॲग्रीमेंट रजिस्टर झालं, बँकेचं लोन पास झालं, किल्ली मिळाली की घर आपलं झालं असं सगळे धरून चालतात. फ्लॅट आपला झालेला असतो हे खरं, पण जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ जमीनमालकाच्याच नावावर असू शकते, कधीकधी तीस-चाळीस वर्षं तशीच.

रजिस्ट्रेशन झालं तरी मालकी अर्धी कशी राहते?

बिल्डरकडून फ्लॅट घेताना जो करारनामा होतो तो मोफा कायद्याखाली, म्हणजे महाराष्ट्राच्या १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्याखाली किंवा आता २०१६ च्या रेराखाली, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या कायद्याखाली होतो. त्यात तुम्हाला तुमचा फ्लॅट मिळतो आणि सोसायटीचा मेंबर व्हायचा हक्क मिळतो. जमीन मात्र प्रत्येक फ्लॅटवाल्याला तुकडे करून द्यायची नसते, ती सगळ्यांची मिळून सोसायटीला द्यायची असते आणि त्यासाठी बिल्डरने सोसायटीच्या नावाने वेगळा दस्त करून द्यायचा असतो. मोफात याची मुदत दिलेली आहे, करारात दुसरी मुदत ठरलेली नसेल तर सोसायटी रजिस्टर झाल्यापासून ४ महिन्यांत. रेराखालच्या महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे मोठ्या लेआउटमध्ये, म्हणजे एकाच जमिनीवर अनेक बिल्डिंगा असतील तिथे, शेवटच्या बिल्डिंगला भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी मिळाल्यावर ३ महिन्यांत जमीन सगळ्या सोसायट्यांच्या मिळून फेडरेशनला द्यायची असते. मोफात तर हे न करणाऱ्या बिल्डरला ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, तरी कन्व्हेयन्स रखडतंच, कारण जमीन आपल्या नावावर आहे तोवर उरलेला किंवा पुढे वाढून मिळणारा एफएसआय (जमिनीवर किती बांधकाम करता येईल ते प्रमाण) आपल्याला वापरता येईल असा बिल्डरचा हिशोब असतो.

याचा त्रास रोजच्या जगण्यात जाणवत नाही म्हणून लोक विसरून जातात. मेंटेनन्स भरला जातो, गणपती बसतो, सगळं नीट चाललेलं असतं. मग बिल्डिंगचे पिलर तडकायला लागतात, रिडेव्हलपमेंटची चर्चा सुरू होते, आणि नवा डेव्हलपर पहिल्याच मीटिंगमध्ये प्रॉपर्टी कार्ड (शहरातल्या जमिनीचा मालक दाखवणारा सरकारी उतारा) मागतो. त्यावर नाव निघतं मूळ मालकाचं, तो वारलेला, त्याचे वारस चार शहरांत, आणि बिल्डरची फर्म बंद पडलेली. जे काम बिल्डर जागेवर होता तेव्हा एका दस्तात झालं असतं ते आता ऑफिसांच्या फेऱ्यांवर येतं, आणि त्या फेऱ्या मारायला उरलेले असतात सत्तरी ओलांडलेले मेंबर. म्हणून म्हणतो, जुनी असो की नवी, बिल्डिंग बघायला जाल तेव्हा पार्किंग आणि पाण्याच्या आधी कन्व्हेयन्स विचारा.

बिल्डर सहीच करत नसेल तर?

तर मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स. मोफामध्ये २००८ साली दुरुस्ती करून ही सोय आणली आणि २०१० मध्ये तिचे नियम आले. सोसायटीने सर्वसाधारण सभेत ठराव करायचा, बिल्डरला नोटीस द्यायची, आणि सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे (सोसायटीवाले यांना डीडीआर म्हणतात) नमुना ७ मध्ये २,००० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करायचा. सोबत सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, मेंबरांची यादी, त्यांचे करारनामे आणि इंडेक्स टू (दस्त नोंदल्याचा सरकारी उतारा), सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा असे कागद जोडायचे. उपनिबंधक बिल्डरला आणि जमीनमालकाला बोलावून दोन्ही बाजू ऐकतो, ते आलेच नाहीत तर त्यांच्याशिवाय सुनावणी होते. अर्ज ६ महिन्यांच्या आत निकाली काढायचा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो ही तयारी ठेवा. ओसी नाही म्हणून आपला अर्जच होणार नाही असं समजून खूप सोसायट्या गप्प बसतात, पण २०१८ च्या शासन निर्णयाने ओसी नसल्यास सोसायटीच्या स्वयंघोषणापत्रावर अर्ज घ्यायची वाट मोकळी केली आहे.

ऑर्डर हातात आली की पेढे वाटतात आणि काम तिथेच थांबतं, असं होऊ देऊ नका. ऑर्डर आणि सर्टिफिकेट मिळाल्यावर कन्व्हेयन्सचा मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे ॲडज्युडिकेशनला, म्हणजे किती स्टॅम्प ड्युटी लागते ते ठरवायला जातो, तिथे प्रत्येक फ्लॅटच्या करारावर आधी भरलेली स्टॅम्प ड्युटी हिशोबात धरली जाते, ज्यांनी कमी भरली किंवा भरलीच नाही त्यांची बाकी निघते. मग दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवायचा, त्यानंतर नगर भूमापन किंवा तलाठी ऑफिसात फेरफार करून प्रॉपर्टी कार्डावर किंवा सात-बाऱ्यावर सोसायटीचं नाव चढवायचं. हा फेरफार राहिला तर सरकारी रेकॉर्डवर मालक जुनाच दिसतो. जुन्या मेंबरांची ड्युटीची बाकी निघण्याचं एक कारण असं की १० डिसेंबर १९८५ च्या आधी फ्लॅटचे करार पाच-दहा रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर व्हायचे, ताब्यासकटच्या करारनाम्याला कन्व्हेयन्स धरून पूर्ण ड्युटी घ्यायची तरतूद त्या तारखेपासून आली.

रिसेलचा फ्लॅट घेताना कागद कोणते बघायचे?

आधी चेन बघायची. बिल्डरपासून पहिल्या मालकाकडे, त्याच्याकडून दुसऱ्याकडे, असे सगळे नोंदलेले करार सलग आणि ओरिजिनल हवेत, मधला एक जरी हरवला तरी बँक अडते आणि मग पोलिसात हरवल्याची तक्रार आणि पेपरात नोटीस असं करावं लागतं. वकिलाकडून साधारण ३० वर्षांचा सर्च काढून घ्या, त्यात गहाण, दावा, आधीची विक्री असं काही नोंदलेलं असेल तर कळतं. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर (मेंबर असल्याच्या दाखल्यावर) विकणाऱ्याचं नाव आहे ना, सोसायटीची थकबाकी नाही ना, विकणाऱ्याचं लोन चालू असेल तर बँकेचं फोरक्लोजर लेटर (लोन बंद करायला किती भरायचे ते सांगणारं पत्र), मालमत्ता कराची पावती, ओसी, मंजूर नकाशा. नकाशा तर नक्की बघा कारण बंद केलेली बाल्कनी किंवा टेरेसवर काढलेली खोली नकाशात नसेल तर ती कायद्याने तुमची होत नाही, पैसे मात्र तुम्ही तिचेही मोजलेले असतात. पेपरात ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशी जी जाहीर नोटीस असते ती याच टप्प्यावर वकील देतात, कोणाची हरकत असेल तर ठराविक दिवसांत कळवा म्हणून.

जमीन कुठल्या प्रकारची हेही विचारा. भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे विकण्यावर सरकारी अटी असलेली असेल तर विक्रीला जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागू शकते. नवी मुंबईत सिडकोने, म्हणजे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, बरीच जमीन भाडेपट्ट्याने दिलेली आहे, अशा जमिनीवरच्या घराला सिडकोची ट्रान्सफरची परवानगी आणि चार्जेस येतात.

इसार पावती, नोटरी आणि पॉवर ऑफ ॲटर्नी

टोकन देऊन इसार पावती करणं ठीक आहे, पण तिने मालकी येत नाही. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा स्पष्ट सांगतो की विक्रीच्या नुसत्या कराराने मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही, आणि १०० रुपये किंवा त्यावरच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नोटरीसमोर सही केलेला कागद म्हणजे फक्त सही कोणी केली याची साक्ष. कुलमुखत्यारपत्रावर (जीपीए, म्हणजे पॉवर ऑफ ॲटर्नीवर) घर विकलं असं सांगतात त्याबद्दल सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात सांगितलंय की जीपीए, ॲग्रीमेंट आणि मृत्युपत्र असे तीन कागद एकत्र केले तरी मालकी जात नाही. स्वस्तात मिळतंय म्हणून नोटरीवर घर घेणारे बहुतेक आयुष्यभराची पुंजी लावणारे साधे लोक असतात, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

बिल्डरकडून घेत असाल तर रेराप्रमाणे किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय घेता येत नाही, बुकिंगच्या नावाखाली २५ टक्के मागितले तर द्यायचे नाहीत.

खर्च किती येतो?

स्टॅम्प ड्युटी करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराची) किंमत यात जी जास्त तिच्यावर बसते. मुंबईत मूळ ५ टक्के अधिक मेट्रोच्या अधिभाराचा १ मिळून ६, पुण्यात स्थानिक संस्थेचा १ आणि मेट्रोचा १ धरून ७. फक्त बाईच्या किंवा बायकांच्याच नावावर घर घेतलं तर १ टक्का सूट आहे, नवरा-बायको दोघांच्या नावावर मिळत नाही. नोंदणी फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. म्हणजे पुण्यात ८० लाखांच्या फ्लॅटला ५ लाख ६० हजार ड्युटी आणि ३० हजार नोंदणी, वर वकील, एजंट, लोनची फी वेगळी. सही झाल्यापासून ४ महिन्यांत दस्त नोंदवावा लागतो, त्यानंतर आणखी ४ महिने दंड भरून मिळतात. पुण्याकडे रिसेलमध्ये आधी साठेखत आणि पूर्ण पैसे दिल्यावर खरेदीखत असे दोन दस्त होतात, त्यात साठेखतावर पूर्ण ड्युटी भरलेली असेल आणि अटी बदललेल्या नसतील तर खरेदीखताला नाममात्रच स्टॅम्प लागतो.

व्यवहार ५० लाख किंवा त्यावर असेल तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो, ही जबाबदारी घेणाऱ्याची, विकणाऱ्याची नाही. विकणारा परदेशी राहणारा म्हणजे एनआरआय असेल तर तो १ टक्का चालत नाही, कापणी बरीच जास्त असते आणि ५० लाखांची मर्यादाही लागू नसते, त्यामुळे सीएला विचारल्याशिवाय पेमेंट करू नका. मुलगा अमेरिकेत आणि आई-वडिलांचा डोंबिवलीतला फ्लॅट त्याच्या नावावर, असे व्यवहार आता खूप होतात आणि नेमके याच मुद्द्यावर अडकतात.

सोसायटी किती पैसे मागू शकते?

फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० रुपये, ही मर्यादा ९ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकाने घातलेली आहे. सोबत ५०० रुपये ट्रान्सफर फी आणि १०० रुपये प्रवेश फी. बिल्डिंग फंडाला देणगी म्हणून लाख-दोन लाख मागणं नियमात बसत नाही. घरातल्या माणसाच्या किंवा वारसाच्या नावावर होत असेल तर प्रीमियम नाहीच. आदर्श उपविधींप्रमाणे विक्रीला सोसायटीची एनओसी (ना हरकत पत्र) लागत नाही, पण बँक मागते म्हणून घ्यावीच लागते.

वडिलांच्या नावावरचं घर विकायचं असेल तर?

नॉमिनी म्हणजे मालक नाही. सोसायटी नॉमिनीला तात्पुरता मेंबर करून घेते, मालकी मात्र वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. त्यामुळे घेणाऱ्याने सगळ्या वारसांच्या सह्या मागितल्या तर त्यात अपमान वाटून घेऊ नये. बहिणीने हक्कसोडपत्र दिलं असेल तर ते नोंदलेलं हवं, घरात बसून साध्या कागदावर लिहून दिलेलं चालत नाही, आणि ते तिच्याकडून मागताना ती काय सोडतेय हे तिला नीट समजावून सांगायला हवं. हयात असताना आई-वडिलांना राहतं घर मुलाला, मुलीला किंवा एकमेकांना द्यायचं असेल तर बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार लागू असेल तर तो.

गोव्यात घर घेणाऱ्या मराठी माणसांसाठी एक फरक. तिथे पोर्तुगीज काळापासून आलेल्या नागरी कायद्यामुळे लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सहसा दोघांची सामायिक धरली जाते, म्हणून कागदावर नाव एकाचंच असलं तरी विक्रीच्या दस्तावर दोघांच्या सह्या लागतात. सात-बाऱ्याच्या जागी तिथे एक-चौदाचा उतारा बघायचा, आणि मालक वारला असेल तर वारसांनी इन्व्हेंटरी प्रोसीडिंग (वारसांत मालमत्ता वाटून द्यायची तिथली प्रक्रिया) पूर्ण केलंय का हे वकिलाकडून तपासून घ्यायचं.