मेंदूला भाऊ कसा कळतो?

सख्ख्या भावंडांची सरासरी निम्मी जनुकं सारखी असतात. यावरून डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १९६४ साली एक हिशेब मांडला. नातेवाइकाला होणाऱ्या फायद्याला नात्याच्या प्रमाणाने गुणायचं. उत्तर मदत करणाऱ्याच्या तोट्यापेक्षा मोठं आलं, तर मदतीची ती वृत्ती उत्क्रांतीत टिकते. फायदा-तोटा मोजायचा तो पुढच्या पिढीत किती पिल्लं गेली यावर. मुंग्या-मधमाश्यांची कितीतरी कोडी या हिशेबाने सुटली. आमच्या घरात मात्र तो बसत नाही.

माझ्या धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे. म्हणजे जन्माच्या आगेमागे मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागाला इजा झाली. ती इजा पुढे वाढत नाही, पण भरूनही येत नाही. तो चालत नाही, त्याचं बोलणं घरच्यांनाच उमगतं, लग्न-मुलंबाळं होण्याचा प्रश्नच नाही. हॅमिल्टनच्या सूत्रात त्याच्या नावापुढे जवळजवळ शून्य पडतं. तरी अमळनेर तालुक्यातल्या आमच्या घरात पहिला घास त्याचा.

याचं उत्तर मला डेब्रा लिबरमन, जॉन टूबी आणि लीडा कॉस्मिडीस यांच्या २००७ सालच्या संशोधनात सापडलं. जनुकं तर कोणालाच दिसत नाहीत, मग हा आपला भाऊ हे मन ठरवतं कशावरून? त्यांच्या मते दोन खुणांवरून. थोरल्या मुलाने आपल्या आईला तान्ह्या बाळाचं करताना पाहिलेलं असतं, ही पहिली. धाकट्याला तसं पाहायला मिळत नाही. तो लहानपणी एका छपराखाली किती वर्षं काढली, यावर चालतो. खुणा जितक्या ठळक, तितकी त्या भावंडासाठी झिजायची तयारी जास्त.

माझी खूण पहिली. बाळंतिणीची बाज, खाली शेगडी, खोलीभर ओव्याची धुरी आणि आजीचं सांगणं, ‘हाऊ तुना भाऊ शे.’ मी तेव्हा चार वर्षांची. तो बसायला लागत नाही हे घरच्यांच्या ध्यानात आलं पुढच्या वर्षी. तोवर माझ्या डोक्यात नोंद होऊन गेली होती, आणि त्या नोंदीत ‘हा चालेल का’ असा रकाना नव्हता. उत्क्रांतीने आपल्याला हॅमिल्टनचं सूत्र दिलं नाही, दिल्या त्या फक्त खुणा. आपण गणित करून माया करत नाही, असं मी म्हणते ते एवढ्याच अर्थाने.

पण खुणांवर सगळं भागत नाही. भावाची उजवी मूठ कायम आवळलेली असते. तळहातात घाम साचतो, कातडी सोलवटते, उन्हाळ्यात तर फार. ती धुवायची तर आधी उघडायला हवी. ओढाल तर आणखी घट्ट होते. जेम्स लान्स या ऑस्ट्रेलियन मेंदूतज्ज्ञाने १९८० साली स्नायूंच्या या ताठरपणाची जी व्याख्या केली, तिचं मर्म हेच आहे: स्नायू जितक्या वेगाने ताणाल, तितका तो उलट खेचतो. माय अक्षरशत्रू, पण तिने हे केव्हाच ओळखलं होतं. आधी मनगट आतल्या बाजूला वाकवायचं, म्हणजे बोटांचे कंडरे सैल पडतात. मग अंगठा बाजूला घ्यायचा, आणि करंगळीकडून एकेक बोट सावकाश. मध्येच ताठ झाला तर थांबायचं, ओढायचं नाही.

लग्न होऊन मी शिरपूरला आले. आता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले की पाहते, हे काम माझ्यापेक्षा वहिनी चांगलं करते. तिचं आणि त्याचं जनुकांचं नातं शून्य, बाळंतिणीच्या खोलीची आठवणही तिच्याकडे नाही. इस्रायलमध्ये रूथ फेल्डमन यांच्या गटाने २०१४ साली बापांच्या मेंदूचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाळाचं सगळं स्वतः करणाऱ्या बापांच्या मेंदूत अमिग्डला हा भावनांशी जोडलेला भाग आयांसारखाच जागा होत होता. बाळाचं करण्यात जितका वेळ गेलेला, तितकी त्या भागाची दुसऱ्या एका भागाशी जोडणी पक्की दिसली. अभ्यास तान्ह्या बाळांचा आहे, तिशीतल्या दिराचा नव्हे. पण करता करता माया लागते हे आपल्याकडच्या बायकांना सांगायला स्कॅनर लागत नाही.

ही वृत्ती किती जुनी? उत्तर व्हिएतनाममध्ये मान बाक इथे सुमारे ४००० वर्षांपूर्वीचा एका तरुणाचा सांगाडा मिळाला. विशीच्या आधीच त्याचं अंग लुळं पडलेलं. त्यानंतर तो दहाएक वर्षं जगला, म्हणजे कोणीतरी रोज त्याला भरवत होतं, कुशीवर वळवत होतं. ती आई होती की बहीण की आणखी कोणी, हे हाडं सांगत नाहीत.

अमेरिकेत २०११ साली डाउन सिंड्रोम हे जन्मजात अपंगत्व असलेल्यांच्या ८२२ भावंडांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या मोठ्या भावंडांपैकी ८८ टक्के म्हणाले, या भावंडामुळे आपण अधिक चांगली माणसं झालो. पाहणी झाली ती डाउन सिंड्रोमच्या संस्थांशी जोडलेल्या घरांत, तेव्हा आकडा जरा जपून घ्यावा. आणि खरं सांगायचं तर मला ते उत्तर आवडत नाही. भाऊ काही मला सुधारायला जन्माला आला नाही. माय कापूस वेचायला गेली की त्याच्यापाशी मीच बसायचे, मोठा भाऊ खेळायला पळायचा. त्याचा राग मला यायचा, अजूनही येतो. मायेची सोय निसर्गाने केली असेल. पाळी मात्र मुलीचीच, हे ठरवलं आपण.

मायला आता एकच घोर आहे: आपल्यामागे याचं कसं? १८ वर्षं पूर्ण झाली की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे गावाकडे अनेकांना माहीत नसतं. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते. अर्ज आईवडील किंवा नातेवाईक करू शकतात. बहीण परक्या घरची झाली म्हणून आमच्याकडे तिचं नाव सहसा कोणी सुचवत नाही. कायद्यात तशी अट नाही.