बाईच्या झगड्याच्या गोष्टी: कुठलं पुस्तक आधी न्यावं?

"बाईची गोष्ट द्या, पण नुसती रडकी नको," असं वाचनालयाच्या काउंटरवर बरेच सभासद सांगतात. हे पत्रक त्यांच्यासाठी.

सुरुवात कविता महाजन यांच्या 'ब्र'पासून (२००५) करा, असा आमचा आग्रह आहे. घर सोडून आलेली प्रफुल्ला एका संस्थेत काम धरते आणि आदिवासी भागातल्या महिला सरपंचांना भेटत फिरते. १९९३ पासून पंचायतींत किमान एक तृतीयांश जागा बायकांना राखीव झाल्या. खुर्ची मिळाली, पण तिच्यावर बसून ब्र काढायचा कसा? या बायका तो आपापल्या परीनं काढतात. त्यांचं ऐकता ऐकता प्रफुल्ला स्वतःच्या मोडलेल्या संसाराकडेही वेगळ्या नजरेनं बघू लागते. पुस्तक जाड आहे, म्हणून घाबरू नका. वाचताना अडत नाही.

वेळ कमी असेल तर ऊर्मिला पवारांची 'कवच' ही एकच कथा वाचा. कोकणातली आंबे विकणारी आई, गिऱ्हाइकांचे घाणेरडे शेरे ऐकून मेल्याहून मेल्यासारखा होणारा तिचा मुलगा, आणि तिचं सडेतोड उत्तर. दलित बाईचं सोसणं आणि तिची धमक थोड्या पानांत इतकी नेमकी क्वचितच सापडते.

'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावानं आलं, तेव्हा गदारोळ उठला. हे टोपणनाव मालतीबाई बेडेकरांचं. शिकलेली मुलगी कमवायला लागते, तिच्या पगारावर घर चालतं आणि तिचं लग्न मागे पडत जातं. भाषा थोडी जुनी वाटेल. "आमच्या घरी हेच झालं," असं सांगत पुस्तक परत करणाऱ्या सभासद मात्र आम्ही पाहिल्या आहेत.

गौरी देशपांडे यांचं 'एकेक पान गळावया' (१९८०) सावकाश वाचायचं आहे. पोटापाण्याची ओढाताण इथे नाही. लग्न, प्रेम, वय यांत आपण नक्की कोण उरतो, हा शोध आहे. पहिल्याच खेपेला हे नेऊ नका.

यातले काही प्रसंग वाचायला जड जातात. नुकतंच कुणी घर सोडलं असेल किंवा घरी मारहाण सोसत असेल, तर पुस्तक नेण्याआधी आमच्याशी बोला, आम्ही त्याप्रमाणे सुचवू. घरी वाचता येत नसेल तर मागच्या टेबलाशी बसून वाचा, त्याचे वेगळे पैसे नाहीत. 'कळ्यांचे निःश्वास'ची आमच्याकडे एकच प्रत आहे, तेव्हा नाव नोंदवून ठेवा.