समकालीन आयरिश बाल-कुमार कादंबरी

आयर्लंडच्या लेखकांनी मुलांसाठी आणि किशोरांसाठी साधारण 1990 नंतर लिहिलेले कथासाहित्य. बरेचसे इंग्रजीत, थोडे आयरिश भाषेत. डब्लिनच्या ओब्रायन प्रेससारख्या (स्थापना 1974) प्रकाशकांमुळे त्याला घरचे छापखाने मिळाले.

मरीटा कॉनलन-मकेना यांची ‘अंडर द हॉथॉर्न ट्री’ (1990) ही या पर्वातली ठळक कादंबरी. 1845 पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली. इतका मोठा आकडा मुलांच्या हाती लागत नाही, म्हणून इथे एकच मरण जवळून दिसते: तान्ही ब्रिजेट दगावते आणि तिला हॉथॉर्नच्या झाडाखाली पुरतात. हे झाड पऱ्यांचे, तोडू नये, अशी आयरिश खेड्यांतली समजूत. पुढे आयली, मायकेल आणि पेगी ही भावंडे, आईच्या गोष्टींतून ठाऊक असलेल्या म्हाताऱ्या नातलगांकडे पायी निघतात.

ओवेन कोल्फर हे आधी वेक्सफर्डचे प्राथमिक शिक्षक होते. त्यांनी लोककथांची थट्टा मांडली. ‘आर्टेमिस फाउल’मध्ये (2001) बारा वर्षांचा नायक सोन्याच्या खंडणीसाठी परीला पळवतो. लोककथेतला लेप्रेकॉन म्हणजे सोन्याचा हंडा लपवणारा बुटका चांभार. इथे मात्र ‘लेप-रेकॉन’ ही भूमिगत पोलिसांची तुकडी!

किशोरांच्या कादंबऱ्यांचे खरे बळ मात्र, मोठ्यांनी झाकून ठेवलेले उघडे करण्यात आहे. 1984 साली ग्रॅनार्ड गावात पंधरा वर्षांची मुलगी मेरीमातेच्या मूर्तीपाशी एकटीच बाळंत झाली. ती आणि बाळ दोघेही गेले. त्याच वर्षीच्या अशा घटनांची सावली शिवॉन डाउड यांच्या ‘अ स्विफ्ट प्युअर क्राय’वर (2006) आहे. डाउड लंडनमध्ये जन्मल्या, पण आईवडील आयरिश. त्यांच्या ‘बॉग चाइल्ड’ला 2009 चे कार्नेगी पदक (ब्रिटनमधला बाल-कुमार साहित्याचा पुरस्कार) मिळाले, तेव्हा त्या हयात नव्हत्या. लुईज ओनील यांच्या ‘आस्किंग फॉर इट’मध्ये (2015) बलात्कारानंतर अख्खे गाव तो करणाऱ्या मुलांचीच बाजू घेते. वाचताना गुदमरायला होते, आणि लेखिका सुटकेची वाट दाखवत नाही.

जुन्या कथाही नव्याने सांगितल्या जातात. लिरच्या मुलांना सावत्र आई 900 वर्षांसाठी हंस करते, ही आयर्लंडमध्ये पोराठोरांना ठाऊक असलेली गोष्ट. डिअर्ड्रा सलिव्हन यांनी 2020 साली ती त्या आईच्याच तोंडून सांगितली. सारा क्रॉसन यांनी शरीरे जोडलेल्या जुळ्या बहिणींची ‘वन’ (2015) मुक्तछंदात लिहून कार्नेगी पदक पटकावले.

2010 पासून ‘लॉरिएट ना नोग’ हा बालसाहित्यिकाचा राष्ट्रीय मान दिला जातो. पहिल्या मानकरी शिवॉन पार्किन्सन. 2020 साली तो ऑन्या नी ग्लिन यांच्या रूपाने प्रथमच आयरिश भाषेतल्या लेखिकेकडे गेला. 2023 च्या मानकरी, गॉलवेच्या पॅट्रिशिया फोर्ड, दोन्ही भाषांत लिहितात. त्यांच्या ‘द वर्डस्मिथ’मध्ये (2015) लोकांना फक्त 500 शब्द वापरायची मुभा असते, बाकीचे शब्द एक म्हातारा आणि त्याच्या हाताखाली शिकणारी एक मुलगी जमवून ठेवतात.