बॅटरीच्या मापाने बेतलेली बग्गी

शर्यतीसाठी रिमोटवर चालणारी, १/१० मापाची फोर-व्हील ड्राइव्ह इलेक्ट्रिक बग्गी घ्यायची असं कुणी ठरवलं, की त्याच्यासमोर लगेच तीन प्रश्न टाकले जातात. बेल्टवर चालणारी की शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर? मोटर मध्ये की मागे? डिफरेन्शियल, म्हणजे वळणावर डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, बॉलचं की गिअरचं? सल्ले देणारेही ठाम असतात. त्यातले बरेच सल्ले कधीकाळी अगदी खरे होते. मधल्या काळात बॅटरी बदलली, पण सल्ले तेच राहिले.

सुरुवातीला सगळा जोर मागच्या दोन चाकांवर होता. टामिया या जपानी कंपनीच्या १९७९ सालच्या सँड स्कॉर्चर आणि रफ रायडर या गाड्यांनी रिमोटवरची गाडी डांबरावरून मातीत उतरवली. १९८४ मध्ये असोसिएटेड या अमेरिकी कंपनीची आरसी१० आली, तेव्हा अ‍ॅल्युमिनियमची चॅसी आणि तेल भरलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर ही शर्यतीच्या बग्गीची ओळख झाली. या गाड्या चालवायला मजा येई, पण सुट्या मातीत थ्रॉटल जरा जास्त दाबला की शेपूट बाहेर फेकली जाई. चारही चाकांना ताकद दिली तर हा त्रास कमी होईल, हे कुणालाही सुचण्यासारखं होतं. अडचण होती ती त्या ताकदीचा हिशेब जुळवण्याची.

त्या काळचा बॅटरी पॅक म्हणजे सहा निकेल-कॅडमियम सेल, ७.२ व्होल्ट आणि १२०० मिलिअ‍ॅम्पिअर-तास. मोठ्या स्पर्धेतली फेरी पाच मिनिटांची. तेवढ्या वेळात पॅक पूर्ण रिकामा केला तरी सरासरी १४.४ अ‍ॅम्पिअरपेक्षा जास्त प्रवाह मिळत नाही. म्हणून मोटर कितीही तिखट असली तरी ती जपूनच चालवावी लागे. चौथ्या मिनिटाला पुढे असलेली गाडी पाचव्या मिनिटाला रांगत रेषेकडे येई. अशा वेळी पुढच्या चाकांपर्यंत ताकद नेण्यासाठी जास्तीचे गिअर, बेअरिंग आणि सांधे घालायचे, म्हणजे आधीच अपुऱ्या शिध्यात आणखी पाहुणे जेवायला बसवणं. फोर-व्हील ड्राइव्हची पुढची दहा-बारा वर्षं या एकाच विवंचनेत गेली: ताकद पुढे न्यायची, पण वाटेत सांडायची नाही.

प्रत्येकाने आपापला मार्ग काढला. टामियाच्या १९८५ च्या हॉटशॉटमध्ये शाफ्ट होता. शाफ्ट मजबूत असतो, त्यात माती शिरत नाही आणि तो पुन्हा पुन्हा ताणून घ्यावा लागत नाही. पण शाफ्ट गाडीच्या लांबीत फिरतो आणि चाकांचे अ‍ॅक्सल रुंदीत. त्यामुळे पुढे आणि मागे दोन्हीकडे ताकदीला काटकोनात वळवावं लागतं, आणि प्रत्येक वळणावर थोडी ताकद घर्षणात जाते. त्याच वर्षीच्या, क्योशो या जपानी कंपनीच्या ऑप्टिमामध्ये सायकलसारखी बारीक साखळी होती. साखळीला काटकोनाची भानगड नाही, मात्र ती सैल पडते आणि खडा अडकला की उडते. कुठल्याही स्पर्धेत डोळे मिटून ऑप्टिमा ओळखता येई म्हणतात. ते खरं-खोटं काही असो, साखळीचा आवाज लपत नाही एवढं नक्की.

तिसरा मार्ग इंग्लंडमधून आला. सेसिल शूमाकर यांनी आधी रेसिंग इंजिनं बनवणाऱ्या कॉसवर्थमध्ये काम केलं होतं. त्यांच्या नावाची कंपनी ओळखली गेली ती बॉल डिफरेन्शियलमुळे. दोन चकत्यांच्या मध्ये लहान पोलादी गोळ्या बसवायच्या आणि स्प्रिंगने दाब द्यायचा, एवढीच रचना. ती हलकी, जवळपास घर्षणाशिवाय फिरणारी, आणि घट्टपणा स्क्रूने ठरवता येणारी. त्याच कंपनीच्या कॅट बग्गीत त्याच्या जोडीला दातेरी बेल्ट आला. मोटर आडवी, अ‍ॅक्सल आडवे, बेल्टही त्याच दिशेने फिरणारा. काटकोन कुठेच नाही. बेल्टगाडीचा माणूस आजही ‘मोकळी फिरते’ हे शब्द वापरतो. त्यांचा उगम इथे आहे.

याचा निकाल ट्रॅकवर लागला. १/१० इलेक्ट्रिक ऑफ-रोडची पहिली जागतिक स्पर्धा १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथे झाली. फोर-व्हील गटात गिल लोसी ज्युनियर योकोमो या जपानी कंपनीची गाडी घेऊन जिंकले. दोन वर्षांनी इंग्लंडमधल्या रॉम्सीला पुढची स्पर्धा झाली. तिथे जपानच्या मसामी हिरोसाका या कोवळ्या पोराने शूमाकर कॅट चालवून हा गट जिंकला. जपानी कंपन्यांच्या ऐन भरात एक जपानी चालक इंग्रजी गाडीवर विश्वविजेता होतो, यातून बेल्टची बाजू किती भक्कम होती ते कळतं. हिरोसाका पुढे योकोमोचे झाले आणि त्यांच्या नावावर एकूण चौदा जागतिक किताब जमले. योकोमोची वायझेड-१० बेल्टवरच चालत होती आणि नव्वदच्या दशकात तिचा चांगलाच दबदबा होता.

याच सुमारास टामियाने उलट्या दिशेने उडी घेतली. १९८८ ची अवांते ही शाफ्टवरची, अत्यंत महागड्या घडणीची, सुट्या भागांचं प्रदर्शन मांडावं अशी गाडी होती. शर्यतीत तिला तिच्या रूपाला साजेसं यश मिळालं नाही. तरी २०११ मध्ये टामियाने ती पुन्हा काढली, तेव्हा ती घ्यायला लोक होते. आठवणींचा बाजार वेगळा आणि लॅप टाइमचा वेगळा. पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याने या दोन्हींत गल्लत करू नये, कारण पुन्हा काढलेल्या जुन्या गाड्या दिसायला मोहक असतात आणि आजच्या ट्रॅकवर त्यांना घाम फुटतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी निकेल-मेटल हायड्राइड सेल आले आणि पॅकची क्षमता ३००० मिलिअ‍ॅम्पिअर-तासांवर गेली. खरी उलथापालथ मात्र त्यानंतरच्या दशकात झाली. ब्रशलेस, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरने कार्बन ब्रश घासून साफ करण्याचं रोजचं काम संपवलं. २००८-०९ च्या सुमारास दोन सेलचा, ७.४ व्होल्टचा लिथियम पॉलिमर पॅक सर्वत्र रुळू लागला, आणि पाच मिनिटांच्या फेरीनंतरही पॅकमध्ये भरपूर शिल्लक राहू लागली. ज्या उपासमारीपोटी बेल्ट जिंकला होता, ती उपासमारच संपली. काटकोनात जाणारी थोडीशी ताकद आता कुणाच्या खिजगणतीत राहिली नाही. शाफ्टचा टिकाऊपणा आणि बंदिस्त रचना यांचं वजन वाढलं. क्योशोची लेझर झेडएक्स-५ शाफ्टवर होती आणि पुढे बहुतेकांनी तीच वाट धरली. बेल्टवाले संपले मात्र नाहीत. शूमाकरने बेल्ट सोडला नाही, आणि २०१४ च्या आसपास आलेली टीएलआर (टीम लोसी रेसिंग) कंपनीची २२-४ सुद्धा बेल्टवरचीच होती. त्यांचं म्हणणंही पोकळ नाही. लांबीत फिरणारा शाफ्ट आणि मोटर थ्रॉटल दाबताच गाडीला एका बाजूला किंचित पीळ देतात. आडव्या मोटरची बेल्टगाडी तसं करत नाही.

डिफरेन्शियलचंही तेच झालं. गोळ्यांच्या चकत्या ब्रशलेस मोटरच्या झटक्यांखाली लवकर झिजू लागल्या. ताकद वाचवण्याची गरज उरली नव्हती, त्यामुळे सिलिकॉन तेल भरलेलं गिअर डिफरेन्शियल परत आलं. फोर-व्हीलमध्ये आज तेच प्रस्थापित आहे. आता स्क्रू पिळायचा नाही, तेलाचा जाडपणा बदलायचा.

गाडीची मांडणीही बॅटरीच्या आकाराने बदलली. मधून शाफ्ट जातो म्हणून सेल तीन-तीन करून दोन्ही बाजूंना ठेवायचे, याला सॅडल पॅक म्हणत. लिथियम पॉलिमरचा आखूड ‘शॉर्टी’ पॅक आला आणि इलेक्ट्रॉनिक्स व मोटर यांच्या जागा नव्याने ठरवता आल्या. जुना सहा सेलचा पॅक साधारण ४०० ग्रॅमचा असे, शॉर्टी त्याच्या निम्म्यावर आला. पण किमान वजनाचा नियम होताच, आणि फोर-व्हीलसाठी १५८८ ग्रॅम हा दीर्घकाळ चालत आलेला आकडा आहे. मग वाचवलेलं वजन पितळेच्या तुकड्यांच्या रूपात परत गाडीत घालायची वेळ आली. यात फायदा एवढाच, की ते कुठे घालायचं हे आता चालकाच्या हातात होतं.

बॅटरीचा प्रश्न मिटल्यावर निवडीचा भार ट्रॅकच्या जमिनीवर येऊन पडला. युरोपात कृत्रिम गवत आणि गालिचा पसरलेले ट्रॅक वाढत गेले. तिथे टायरच्या बारीक काट्यांना इतकी पकड मिळते, की गाडी घसरण्याऐवजी वळणावर उलटते. तिथे गाडी बसकी, कडक आणि वजन खाली असलेली लागते. मातीत याच्या उलट, थोडी मऊ आणि वजन मागे टाकणारी. कंपन्यांनी हे उघडपणे मान्य करून एकाच गाडीच्या दोन आवृत्त्या काढायला सुरुवात केली. असोसिएटेडची बी६४ पकडीच्या जमिनीसाठी, तर बी६४डी मातीसाठी. एक्सरे या कंपनीने आपल्या एक्सबी४ च्याही अशाच दोन जाती केल्या. म्हणून दुकानात बेल्ट की शाफ्ट असं विचारण्याआधी ज्या ट्रॅकवर गाडी पळणार आहे तिथे एकदा जाऊन यावं. पहिल्या दहा गाड्यांच्या चाकांवर कोणते टायर आहेत ते पाहावं, आणि आर्म (चाक धरणारा सस्पेन्शनचा दांडा) मोडला तर शेजारच्या टेबलावर त्याच गाडीचा सुटा आर्म मिळेल का, तेही विचारून घ्यावं.