पाटीवरचं ‘स्वायत्त’ आणि विद्यापीठाची स्वायत्तता

गेल्या जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीपाशी एका मुलीच्या वडिलांनी आमच्या कॉलेजच्या पाटीकडे बोट दाखवलं. “मॅडम, कंसात ‘स्वायत्त’ लिहिलंय. म्हणजे इथे सरकारचं काही चालत नाही ना?” कॉलेजचा दर्जा आणि विद्यापीठाचं स्वातंत्र्य एकच समजायची ही गल्लत मी स्टाफरूममध्येही ऐकते, आणि ती मला फार टोचते.

पाटीवरचं ‘स्वायत्त’ हा एक दर्जा आहे. तो विद्यापीठ अनुदान आयोग देतो, तोही ठरावीक वर्षांसाठी. मुंबईत झेवियर्सला तो २०१० साली मिळाला, पुढे रुईया, मिठीबाई, जयहिंद अशी रांग लागली. हा दर्जा असला की कॉलेज अभ्यासक्रम आखतं, पेपर काढतं, निकाल लावतं. एखादा जुनाट विषय काढून नवा घालायचा तर आमचं अभ्यास मंडळ तो विषय समोर घेऊन बसतं आणि निर्णय होतो. पूर्वी त्यासाठी विद्यापीठाच्या मंडळाकडे डोळे लावून बसावं लागायचं. फायदा खरा आहे. पण मुलांच्या हातात शेवटी पडते ती पदवी मुंबई विद्यापीठाचीच.

विद्यापीठाची स्वायत्तता कुठल्याच पाटीवर नसते. कुलगुरू कोण निवडतं, सिनेटची, म्हणजे शिक्षक, पदवीधर वगैरेंचे प्रतिनिधी असलेल्या विद्यापीठाच्या अधिसभेची, निवडणूक वेळेवर होते का, वर्गात काय शिकवायचं हे कोण ठरवतं, यात ती दिसते. राज्यात २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा आहे. राज्यपाल हे कुलपती, आणि कुलगुरुपदासाठी शोध समिती नावं त्यांच्याकडे पाठवते. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने एक दुरुस्ती मंजूर केली: समितीची पाच नावं आधी सरकारकडे जातील, सरकार त्यातली दोन राज्यपालांना सुचवेल, आणि उच्च शिक्षणमंत्री प्र-कुलपती, म्हणजे कुलपतींच्या खालोखाल, होतील. पुढे सरकार बदललं आणि ते विधेयक मागे घेतलं गेलं. ते मागे गेलं हे चांगलंच झालं. मात्र राज्यपालही केंद्राने नेमलेले असतात, हे विसरून चालणार नाही.

सिनेटचं उदाहरण तर अगदी घरचं. पदवीधरांच्या दहा जागांची निवडणूक २०२३ मध्ये कार्यक्रम जाहीर झाल्यावर थांबवली गेली. २०२४ मध्ये मतदान २२ सप्टेंबरला ठरलं होतं, आणि दोनच दिवस आधी सरकारच्या पत्राचा आधार घेऊन विद्यापीठाने स्थगितीचं परिपत्रक काढलं. उमेदवार उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने परिपत्रकाला स्थगिती दिली आणि २४ तारखेला मतदान झालं. कोण जिंकलं हा इथे मुद्दाच नाही. मला सलतं ते हे, की आपली निवडणूक वाचवायला विद्यापीठ स्वतः उभं राहिलं नाही.

कायद्यात अधिकार असून उपयोग नसतो, याचा दाखला २०१० चा. एका राजकीय पक्षाच्या विद्यार्थी शाखेने तक्रार केली आणि बीएच्या अभ्यासक्रमातली एक इंग्रजी कादंबरी कुलगुरूंनी आपल्या तातडीच्या अधिकारात काढून टाकली. अधिकार विद्यापीठाचाच होता, वापरला मात्र दुसऱ्याच्या हट्टापायी.

उलट २०१७ मध्ये ऑनलाइन पेपर तपासणीच्या घोळात निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि राज्यपालांनी कुलगुरूंना दूर केलं, त्याला मी दडपण म्हणणार नाही. लाखो मुलांचं नुकसान झाल्यावर जाब विचारलाच पाहिजे.

अमेरिकेत २०२५ च्या एप्रिलमध्ये हार्वर्ड विद्यापीठाने प्रवेश, नेमणुका आणि कारभार कसा करायचा याबद्दलच्या ट्रम्प सरकारच्या मागण्या लेखी नाकारल्या. लगेच २२० कोटी डॉलरचं संशोधन अनुदान गोठवलं गेलं. हार्वर्ड कोर्टात गेलं आणि सप्टेंबरमध्ये बोस्टनच्या संघीय न्यायाधीशांनी ही कपात बेकायदा ठरवली. कोलंबिया विद्यापीठाने मात्र जुलैमध्ये २२ कोटी डॉलरहून जास्त रक्कम देऊन सरकारशी तडजोड केली. हार्वर्डच्या पाठीशी पाच हजार कोटी डॉलरहून मोठा निधी आहे, हेही खरं. आमच्याकडे पगार आणि अनुदान सरकारच्याच तिजोरीतून येतं, म्हणून इथे ‘नाही’ म्हणायला जास्त हिंमत लागते.

त्या वडिलांना मी एवढंच सांगितलं: अभ्यासक्रम आमचा, पदवी विद्यापीठाची. म्हणूनच तीन-चार वर्षांनी तुमची मुलगी नोंदणीकृत पदवीधर म्हणून सिनेटला मत देऊ शकेल. नोंदणीचा अर्ज मात्र तिचा तिला भरावा लागेल.