पोज्जोचा उतार आणि एकदिवसीय शर्यतीचा निकाल

मिलान–सान रेमो ही व्यावसायिक सायकलिंगमधली सर्वांत लांब एकदिवसीय शर्यत. अंतर जवळपास ३०० किलोमीटर. सहा-साडेसहा तास पेडल मारून झाल्यावर तिचा निकाल बहुतेकदा शेवटच्या पाव तासात लागतो, आणि त्या पाव तासातली तीन-सव्वातीन मिनिटं निव्वळ उताराची असतात. सान रेमोच्या वेशीवर पोज्जो नावाची टेकडी आहे. तिच्या माथ्यापासून शेवटच्या रेषेपर्यंत जेमतेम साडेपाच किलोमीटर. व्यावसायिक सायकलपटूला उतरण्याचं कसब किती उपयोगी पडतं, हे समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही.

शर्यत १९०७ सालची, पण पोज्जो तिच्यात आला १९६० मध्ये. तोवर शर्यत किनाऱ्यालगतच्या रस्त्यानं थेट गावात शिरायची आणि वेगवान स्प्रिंटर, तेही बहुतेक परदेशी, ती जिंकून न्यायचे. १९५३ नंतर एकाही इटालियनाला ती जिंकता आली नव्हती. आयोजक विन्चेंझो तोरियानी यांनी त्यावर उपाय म्हणून शेवटी ही टेकडी घातली. इटालियनांचा दुष्काळ त्यानं लगेच संपला नाही; पहिल्याच वर्षी फ्रान्सचा रेने प्रिव्हा जिंकला आणि इटलीला मिकेले दांचेल्लीच्या १९७० च्या विजयापर्यंत वाट पाहावी लागली. १९८२ मध्ये पोज्जोच्या आधी आणखी एक टेकडी, चिप्रेस्सा, जोडली गेली.

पोज्जोचा चढ अवघा ३.७ किलोमीटर, सरासरी चार टक्क्यांहूनही कमी. साखळी पुढच्या मोठ्या चक्रावरून न उतरवता तो पार होतो. एवढ्याशा चढावर चांगला स्प्रिंटर फार मागे पडत नाही, फार तर दहा-पंधरा सेकंद. म्हणूनच माझ्या मते तोरियानींनी शर्यतीला चढ दिला असं म्हणणं अपुरं आहे. त्यांनी तिला खरा दिला तो उतार. चढावर मिळालेले पाच-सात सेकंद टिकणार की जाणार, हे उतारावर ठरतं.

तो उतारही साधा नाही. काचेच्या हरितगृहांच्या आणि दगडी कठड्यांच्या मधून जाणारा अरुंद रस्ता, थोडं सरळ अंतर, मग लगेच उलटं फिरवणारं वळण, पुन्हा सरळ, पुन्हा वळण. सपाट रस्त्यावर पन्नास जणांचा जथा एकट्यादुकट्याला सहज गिळतो, कारण मागच्यांना पुढच्याच्या आडोशाला राहता येतं आणि वारा कापण्याचं काम वाटून घेता येतं. अशा उतारावर गणित उलटतं. पहिला स्वार आपल्याला हवी ती वाट धरून वळणात शिरतो. दुसरा त्याच्याकडे बघून थोडा आधी ब्रेक लावतो, तिसरा आणखी आधी. वळणातून बाहेर पडल्यावर प्रत्येकाला आधीपेक्षा जास्त जोर लावून अंतर भरून काढावं लागतं. रांग ताणली जाते, आणि विसाव्या क्रमांकावरचा माणूस कितीही ताकदवान असला तरी त्याची ताकद रांगेतच अडकून पडते.

आता एकच वळण जवळून पाहू. चांगला उतरणारा ब्रेक लावतो तो वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना. वळणात शिरल्यावर तो ब्रेक सोडत जातो. बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, शरीराचा सगळा भार त्या पायावर, हात हँडलच्या खालच्या वाकात, कोपर सैल, आणि नजर पुढच्या चाकावर नसून वळण जिथे सुटतं तिथे. घाबरलेला माणूस नेमकं उलट करतो. उशिरा दचकतो आणि वळणाच्या मध्यावर ब्रेक दाबतो. टायरची जी पकड वळायला हवी होती ती थांबण्यात खर्च होते आणि सायकल बाहेर फेकली जाते. १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर कोरड्या डांबरावरही ताशी ३५-४० किलोमीटरच्या वर फारसं जाता येत नाही. त्या मर्यादेच्या ताशी दोन किलोमीटर अलीकडे राहायचं की पाच, हाच कसबाचा भाग. सव्वातीन किलोमीटरच्या उतारावर एकाची सरासरी ताशी ६० आणि दुसऱ्याची ६३ असेल, तर खाली येईतो जवळपास सव्वानऊ सेकंदांचा फरक पडतो. त्या वेगात हे दीडशे मीटरहून जास्त अंतर झालं. चढावर एवढं अंतर काढायला किती दम लागतो, हे पोज्जो चढलेल्यालाच विचारावं.

याचा सर्वांत गाजलेला दाखला १९९२ चा. इटलीचा मोरेनो आर्जेन्तिन त्या वसंतात जबर फॉर्ममध्ये होता. पोज्जोवर त्यानं एकामागून एक हल्ले केले, म्हणजे अचानक वेग वाढवून निसटायचे प्रयत्न, आणि माथ्यावर तो एकटा पुढे होता. सगळ्यांना वाटलं, झालं. मागच्या गटात आयर्लंडचा शॉन केली होता, वय ३५, कारकीर्द उताराला लागली असं ज्याच्याबद्दल बोललं जात होतं. चढावर त्याला आर्जेन्तिनला गाठणं जमलं नव्हतं. पण माथा ओलांडताच तो गटातून निसटला आणि वळणागणिक अंतर कापत गेला. शेवटच्या किलोमीटरच्या आसपास त्यानं आर्जेन्तिनला गाठलं. आर्जेन्तिननं त्याला पुढे येऊन जोर लावायची खूण केली. केली मागेच बसून राहिला आणि स्प्रिंटमध्ये शर्यत घेऊन गेला. त्या दिवशी चढावर सर्वांत बलवान आर्जेन्तिनच होता, यात शंका नाही. मला मात्र केलीचा विजय जराही कमी प्रतीचा वाटत नाही. शर्यत चढाची नव्हती, सान रेमोपर्यंतची होती.

दहा वर्षं आधी याच उतारानं दुसरी बाजूही दाखवली होती. १९८२ मध्ये मार्क गोमेझ आणि अलँ बोंदू हे दोघं फ्रेंच पुढे सुटले होते. बोंदू पोज्जोच्या उतारावर घसरला आणि गोमेझ एकटा सान रेमोत पोचला.

हे सगळं एकदिवसीय शर्यतीत जास्त का घडतं? तीन आठवड्यांच्या टूरमध्ये उद्या असतो. तिथे एकूण वेळेत पुढे असलेला स्वार उतारावर पाच सेकंद कमावण्यासाठी गळपट्टीचं हाड पणाला लावत नाही; गमावलेले पाच सेकंद पुढच्या डोंगरावर परत मिळवता येतात. एकदिवसीय शर्यतीत उद्या नाही. दुसरा आला काय आणि विसावा आला काय, इतिहासात नाव पहिल्याचंच राहतं. त्यामुळे धोका पत्करण्याचा हिशेबच वेगळा होतो. मात्र एक अट आहे: शेवटचा अवघड उतार रेषेच्या जवळ हवा. उतार संपल्यावर वीस किलोमीटर सपाट रस्ता असेल, तर मागचे एकत्र येऊन सगळं भरून काढतात. पारी–रूबेसारख्या दगडी रस्त्यांच्या शर्यतीत उतरण्याच्या कसबाला जवळपास काहीच भाव नाही.

आपल्याकडे सायकल शर्यत म्हटलं की मुंबई–पुणे आठवते आणि तिच्यातला मानाचा किताब ‘घाटाचा राजा’. बोरघाट चढून वर आलं की पुढे पठारच. कोकणातून देशावर येणाऱ्या शर्यतीला घाट फक्त चढायचा असतो, उतरायचा नाही. त्यामुळे मराठी क्रीडाप्रेमींच्या मनात घाटातला पराक्रम म्हणजे चढण्याचा पराक्रम. युरोपातल्या शर्यतींचा भूगोल वेगळा आहे, तिथे राजा होऊन वर पोचलेल्याला खालीही यावं लागतं.

कोमो सरोवराभोवतीच्या डोंगरांत होणारी इल लोम्बार्दिया ही तशीच शर्यत. १९०५ पासूनची, ऑक्टोबरातली, आणि म्हणून ‘पानगळीची शर्यत’ म्हणून ओळखली जाणारी. रस्त्यावर ओली पानं, झाडांच्या सावलीत न वाळलेलं डांबर. तिथे सिसिलीच्या विन्चेंझो नीबालीनं २०१५ मध्ये जे केलं ते पाठ्यपुस्तकात घालावं असं होतं. चिव्हिलिओच्या चढावर त्याला कोणालाही झटकता आलं नाही. मग त्यानं उतारावर हल्ला केला, अंतर काढलं आणि कोमोत एकटा पोचला. २०१७ मध्ये याच चिव्हिलिओवर फ्रान्सच्या तिबो पिनोनं हल्ला केला. नीबाली त्याच्यापर्यंत पोचला आणि मग उतारावर त्याला मागे टाकून जिंकला. पिनोनं २०१३ च्या टूर द फ्रान्समध्ये आपल्याला उताराची भीती वाटते हे उघडपणे सांगितलं होतं. व्यावसायिक खेळाडूनं असं बोलून दाखवणं सोपं नाही आणि त्याबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो. त्या पराभवाच्या पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, त्यानं उत्तर शोधलं: नीबालीला चिव्हिलिओच्या चढावरच मागे टाकलं, म्हणजे उतारावर सोबत कोणी नकोच. तो जिंकला, नीबाली दुसरा आला.

उतारात कमी पडणाऱ्यापुढे असा एकच मार्ग उरतो. माथ्यावर पोचताना हाताशी इतकं अंतर हवं की त्यातलं थोडं गेलं तरी चालेल. ते अंतर कमावण्यासाठी आधी हल्ला करावा लागतो, जास्त ताकद ओतावी लागते आणि शेवटच्या सपाट भागासाठी पायांत काही उरत नाही. शिवाय दिवसभर प्रत्येक लहानमोठ्या उतारावर मागे पडून पुन्हा पुढे येण्याचा खर्च असतोच. तो टीव्हीवर दिसत नाही, पण पाचव्या-सहाव्या तासाला जाणवतो.

रिओ ऑलिम्पिकमध्ये, ऑगस्ट २०१६ मध्ये, या साऱ्याचा कडू हिशेब दोन दिवसांत मांडला गेला. व्हिस्टा चिनेझा टेकडीवरून उतरताना नीबाली, कोलंबियाचा सर्जिओ एनाओ आणि पोलंडचा रफाल मायका पुढे होते. रेषा दहा-बारा किलोमीटरवर असताना नीबाली आणि एनाओ पडले. मायका वाचला, पण एकटा पडल्यावर त्याला गाठलं गेलं. सुवर्ण बेल्जियमच्या ग्रेग व्हान आव्हरमातला. उतरण्यात जगात पहिल्या काहींत गणला जाणारा माणूसही पडतो, हे त्या दिवशी दिसलं. दुसऱ्या दिवशी महिलांच्या शर्यतीत अमेरिकेची मारा अ‍ॅबट आणि नेदरलँड्सची आनेमीक व्हान व्ल्यूटन माथ्यावर पुढे होत्या. अ‍ॅबट चढावरची वाघीण, उतारावर सावध. व्हान व्ल्यूटन तिला मागे टाकून एकटी सुटली आणि त्याच उतारावर भयंकर पडली. मेंदूला धक्का आणि कण्याच्या मणक्यांना बारीक फ्रॅक्चर. अ‍ॅबट जपून खाली आली, आता तीच पुढे, पण मागून तिघी एकत्र येत होत्या. रेषा दीड-दोनशे मीटरवर असताना त्यांनी तिला पकडलं. आना व्हान दर ब्रेगनला सुवर्ण, अ‍ॅबट चौथी. त्या शेवटच्या मीटरांकडे आजही मला शांतपणे बघवत नाही.

कसबासोबत साधनंही बदलत गेली. हेल्मेट सक्तीचं झालं ते २००३ मध्ये, शर्यतीत पडलेल्या कझाक सायकलपटू आंद्रेई किव्हिलेव्हच्या मृत्यूनंतर. रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्क ब्रेकला पूर्ण परवानगी मिळाली २०१८ मध्ये. ओल्या रस्त्यावर ब्रेक उशिरा लावण्याची मुभा त्यानं सगळ्यांनाच दिली. टायरही रुंद झाले. स्लोव्हेनियाच्या मातेय मोहोरिचनं २०१३ मध्ये फ्लोरेन्सला २३ वर्षांखालचं जगज्जेतेपद मिळवलं तेव्हा तो सीटवरून उतरून सायकलच्या वरच्या दांडीवर टेकला होता, छाती हँडलला लावून. वारा कमी लागतो, वेग वाढतो, तोल मात्र नाजूक होतो. ही बैठक पुढे सर्रास झाली आणि आंतरराष्ट्रीय संघटना यूसीआयनं १ एप्रिल २०२१ पासून तिच्यावर बंदी घातली.

मोहोरिचनं त्यावर नियमात बसणारा तोड काढला. माउंटन बाइकवर सीट चालता चालता खाली घेता येईल असा दांडा असतो. २०२२ च्या मिलान–सान रेमोला त्यानं तो आपल्या रस्त्यावरच्या सायकलला लावला. वजन थोडं वाढलं, पण सीट खाली गेली की शरीराचा भार जमिनीकडे सरकतो आणि वळणात सायकल जास्त झुकवता येते. पोज्जोच्या चढावर तादेय पोगाचारनं हल्ल्यांवर हल्ले केले. मोहोरिच फक्त टिकून राहिला. माथा सरताच तो पुढे गेला. एका वळणावर चाक रस्त्याच्या कडेच्या गटारापर्यंत गेलं, तो सावरला. शेवटच्या किलोमीटरमध्ये चेन दगा देऊ लागली, तरी दोन सेकंद हाती ठेवून तो जिंकला.

आनंदाच्या या गोष्टींशेजारी दुसऱ्याही आहेत. करोनामुळे २०२० ची इल लोम्बार्दिया १५ ऑगस्टला झाली; तिच्यात मुरो दी सोर्मानो या चढानंतर उतरताना बेल्जियमचा रेमको एव्हनपूल पुलाचा कठडा ओलांडून खाली कोसळला. कंबरेचं हाड मोडलं, सुदैवानं तो परतला. जून २०२३ मध्ये स्वित्झर्लंडचा जीनो मेडर आल्बुला घाटाच्या उतारावर पडला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. ती अनेक दिवसांची शर्यत होती. पण त्यानंतर उताराच्या पायथ्याशी शेवटची रेषा ठेवावी का, हा प्रश्न सगळ्याच आयोजकांपुढे नव्यानं आला. माझं मत असं की उतार काढून टाकू नयेत. धोकादायक वळणांवर जाळ्या आणि गाद्या लावाव्यात, मार्ग आधी तपासावा. कसब दाखवायची जागा राहावी, पण चुकीची किंमत जीव असू नये.

पोज्जोवर अलीकडे चित्र थोडं बदललं आहे. पुढचे सगळेच उत्तम उतरत असतील तर उतार कोणालाच फायदा देत नाही. २०२५ मध्ये पोगाचारनं चिप्रेस्सावरच शर्यत फोडली. सोबत राहिले मात्यू व्हान दर पूल आणि फिलिप्पो गान्ना. व्हान दर पूल सायक्लोक्रॉसमध्ये वाढलेला, चिखलात सायकल सांभाळायला लहानपणी शिकलेला. त्याला उतारावर झटकणं पोगाचारलाही शक्य नव्हतं. पोज्जोच्या चढावर मागे पडलेला गान्ना खाली येऊन पुन्हा मिळाला आणि तिघांच्या स्प्रिंटमध्ये व्हान दर पूल जिंकला. त्याच दिवशी, २००५ नंतर पहिल्यांदा, महिलांची शर्यतही सान रेमोत संपली, त्याच पोज्जोवरून उतरून. एलिसा लाँगो बोर्गिनी उतार संपता संपता एकटी सुटली, शेवटच्या काही शे मीटरवर पकडली गेली, आणि लोरेना वीबेसनं स्प्रिंट जिंकला.